चार कागदांचे मासिक

मासिक म्हटले की छापखाना, वर्गणी, रंगीत मुखपृष्ठ आणि दारात उभा असलेला टपालवाला डोळ्यांपुढे येतो. आज मी ज्या मासिकाविषयी बोलणार आहे त्याला यातले काहीच लागत नाही. चार कोरे कागद, एक सुई, हातभर दोरा, पेन्सिल आणि आठ-दहा वर्षांचे एक मूल, एवढ्यावर ते निघते. वर्गणीदार म्हणजे घरची माणसे. फार तर शेजारच्या काकू.

शाळेतून ‘हस्तलिखित’ काढण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. शिक्षक मंडळी ती चांगली जाणतात. वर्षातून एकदा ते निघते. मुखपृष्ठावर मोर नाहीतर सरस्वती. आत सुवाच्य अक्षराच्या दोन मुलींनी सगळ्यांचे लेख उतरवून काढलेले असतात. पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते, टाळ्या पडतात आणि मग अंक कपाटात जातो तो जातोच. मी याला नावे ठेवतो आहे असे समजू नका. मी स्वतः तीसएक वर्षे हेच केले. पण ते करताना माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी ते कळेल.

१९७१ साली मी मराठवाड्यातल्या एका गावी नवखा शिक्षक म्हणून रुजू झालो. उमेद होती. उन्हाळ्याच्या सुटीआधी हस्तलिखित काढायचे ठरवले आणि मुलांना सांगितले, प्रत्येकाने काहीतरी लिहून आणा. चौथीतला एक मुलगा होता. शाळेत आडून आडून यायचा, गणितात मागे, वाचताना अडखळायचा. त्याने पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहून आणले, ‘आमची बारव’. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचे ती विहीर, हे त्या भागातल्या लोकांना सांगायला नको. लिखाण दहा-बारा ओळींचे होते. दसऱ्याला पाणी कितव्या पायरीला, दिवाळीला कितव्या, संक्रांतीला, होळीला, पाडव्याला कितव्या. रोज सकाळी तो आजीबरोबर पाण्याला जायचा, तेव्हा पायऱ्या मोजायचा. शेवटी आजीचे एक वाक्य होते, अमक्या पायरीखाली पानी गेलं की ते गढूळ लागतं.

मी काय केले? ‘पानी’चे ‘पाणी’ केले. ‘बारव’ खोडून ‘विहीर’ घातले. पायऱ्यांचे आकडे म्हणजे लेख नव्हे, असे मला वाटले. ते काढून टाकले आणि त्या जागी विहीर ही गावाची जीवनदायिनी आहे अशा थाटाची चार वाक्ये सांगितली. मुलाने मुकाट्याने ती उतरवून घेतली. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या लेखाची तारीफही केली. तो मुलगा मात्र पुन्हा काही लिहून आणीना. विचारले की म्हणायचा, “तुम्हीच सांगा गुरुजी, मी लिहून घेतो.”

त्या साली, म्हणजे १९७२ साली, पावसाने दगा दिला. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. गावे ओस पडली, माणसे खडी फोडायला आणि तलावांच्या कामाला लागली. गावकऱ्यांनी बारवेतला गाळ काढायचे मनावर घेतले, तेव्हा पारावर वाद सुरू झाला. चांगल्या साली होळीला पाणी कुठपर्यंत असायचे? खालच्या पायऱ्या गाळात किती गेल्या? एक म्हणे आठ, दुसरा म्हणे चार. मला एकदम आठवले, हे सगळे आकडे एका पोराने लिहून ठेवले होते! कपाटातून हस्तलिखित काढले. त्यात सुंदर अक्षरात जीवनदायिनी होती. पेन्सिलीचा कागद मी केव्हाच टाकून दिला होता, आणि तो मुलगा आईबापांबरोबर दुष्काळी कामावर निघून गेला होता. त्यातला एकही आकडा मला आज आठवत नाही.

तेव्हा मुलाला मासिक काढायला मदत करायची म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळले. लिखाण त्याचे राहू द्यायचे. आपण कागद पुरवायचे, प्रश्न विचारायचे आणि वाचक व्हायचे.

आता हे प्रश्न कसे विचारायचे? मूल पहिल्याच दिवशी कागद घेऊन येते आणि म्हणते, “काय लिहू?” इथे आपली जीभ चुरचुरते. ‘पावसाळा’, ‘माझी आई’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ असे विषय तोंडावर येतात. ते गिळावेत. विषय दिला की निबंध येतो आणि निबंध म्हटला की मूल पाठ्यपुस्तकासारखे बोलू लागते. माझी नात नऊ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तिला मासिक काढायची हुक्की आली. मी विचारले, “आज आपल्या घरात सगळ्यांत आधी कोण उठले?” ती म्हणाली, “कोंबडा.” “आणि त्यानंतर?” “आई. मग आई का उठली म्हणून गाय ओरडली.” म्हटले, “हेच लिही.” मासिकाचे नाव ‘कोंबडा’ असे तिनेच ठेवले. घरातल्या काहींना ते आवडले नाही. ‘उषःकाल’ ठेव म्हणून सूचना आल्या. संपादकांनी त्या नाकारल्या.

पहिल्या अंकात काय होते म्हणाल, तर गाय व्याली त्याची बातमी, आठवडी बाजारातले टोमॅटोचे भाव, आमच्या मंडळींची मुलाखत, तीन उखाणे, आणि शेवटच्या पानावर एक जाहिरात: “खुरपे हरवले आहे. शेवटी पाहिले तेव्हा ते काकाच्या हातात होते.” काकाने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खुरपे शोधून आणले. छापील वर्तमानपत्राचा सुद्धा इतका लगोलग परिणाम होताना मी फारसा पाहिलेला नाही.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे येऊ. जे रेडिओवर ऐकत आहेत त्यांनी हाताशी कागद घ्यावेत. जे पुस्तिकेत वाचतील त्यांनीही घ्यावेत, कारण नुसते वाचून हे ध्यानात येत नाही.

चार कागद घ्या. प्रत्येक मधोमध दुमडा आणि एकात एक घाला. झाली सोळा पानांची वही. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी, कागद एकात एक असतानाच, मुलाला पेन्सिलीने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १ ते १६ आकडे घालू द्या. मग कागद सुटे करा. एक गंमत दिसेल. सगळ्यांत बाहेरच्या कागदाच्या एका अंगाला १ आणि १६ आहेत, दुसऱ्या अंगाला २ आणि १५. अगदी आतल्या कागदावर एका अंगाला ७ आणि १०, दुसऱ्या अंगाला ८ आणि ९. कुठलाही कागद उचला, एका अंगावरच्या दोन आकड्यांची बेरीज १७ च येते. पाच कागद घेतले तर पाने वीस आणि बेरीज २१. असे का, ते सांगू नका. मुलाला शोधू द्या. छापखान्यातल्या माणसाला हाच हिशेब मोठ्या कागदावर करावा लागतो. आकडे न घालता लिहायला बसलेल्या मुलाची गोष्ट मात्र तिसऱ्या पानावरून थेट चौदाव्यावर जाते आणि रडारड होते.

घडीच्या बाजूला दोन बोटे जागा कोरी सोडायची, नाहीतर अक्षरे शिवणीत जातात. शिवण तीन भोकांची. घडीवर एक भोक मधोमध, एक वर, एक खाली. भोके पाडायचे दाभण मोठ्या माणसाने हाती धरावे. सुई आतून बाहेर मधल्या भोकातून काढायची आणि दोऱ्याचे एक टोक आत लोंबते ठेवायचे. बाहेरून वरच्या भोकात जायचे. आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून सरळ खालच्या भोकातून बाहेर यायचे. आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकात शिरायचे. आता दोन्ही टोके आतच आहेत आणि त्यांच्यामधून लांब दोरा गेलेला आहे. त्या दोऱ्याला मधे घेऊन गाठ मारली की वही सुटत नाही. गोधडी शिवणारी आजी घरात असेल तर हे काम तिच्याकडे द्या. मासिकाच्या पहिल्या पानावर “बांधणी: आजी” असे छापून येते, आणि त्याचे तिला काय वाटते ते पाहण्यासारखे असते.

मुखपृष्ठासाठी जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद उत्तम. कोरी बाजू बाहेर घ्यावी. चिकटवायला कणकेची खळ पुरते. पूर्वी पुस्तके बांधणारे किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत तो घालू नये. त्या दिवसापुरतीच खळ करावी आणि उरली तर टाकून द्यावी.

रंग विकत आणले तर हरकत नाही, पण स्वयंपाकघरात आणि परसात ते आधीच आहेत. हळदीचा पिवळा, त्याच हळदीत चुन्याची निवळी पडली की लाल. काजळीचा काळा, गेरूचा तांबडा. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली तर जांभळट डाग उठतो आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकला तर तो डाग गुलाबी होतो. मुले हे पाहून इतकी हरखतात की मासिक बाजूला राहते. राहू द्यावे थोडा वेळ. एवढेच लक्षात असू द्या की हळदीचा रंग उन्हात उडतो. भेंडी आडवी चिरून रंगात बुडवली की पाकळ्यांचा ठसा उठतो. बटाट्यावर नाव कोरायचे असेल तर अक्षर उलटे कोरावे लागते. पहिल्या वेळी हे सांगूच नका. ठसा मारल्यावर ‘क’ उलटा उमटला की मूल आपण होऊन आरसा शोधायला जाते.

हे सगळे पोरखेळ वाटत असतील तर मुद्रणाचा आपल्याकडचा आरंभही पाहावा. मुंबईत गणपत कृष्णाजी नावाच्या गृहस्थांनी लाकडी छापयंत्र स्वतः जुळवले, शाई स्वतः खटपट करून तयार केली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. त्यांनाही कोणी तयार विद्या हातात दिली नव्हती. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. हाताने लिहिण्याचे म्हणाल तर साने गुरुजींचे उदाहरण आहेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात असताना ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. दैनिक बरे, मासिक नव्हे! दिवसभर शिकवून रोज अंक लिहायचा, हे काम काय असेल याची शिक्षकांना कल्पना येईल. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले.

आता शुद्धलेखनाचा प्रश्न. तो निघणारच. पालक विचारतात, चुका तशाच ठेवायच्या का? मी दोन ढीग करतो. तारीख, माणसाचे नाव, भाव, माप यांतली चूक चालायची नाही. बातमी खरीच हवी. इथे मुलाला परत पाठवावे, “जा, विचारून ये.” ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देतो आणि पक्की प्रत करताना मूल त्या सुधारते किंवा सुधारत नाही. आणि बोलीतला शब्द म्हणजे चूकच नव्हे. आजी “पानी” म्हणाली असेल तर अवतरणचिन्हात “पानी”च राहील. शाळेच्या लेखी भाषेत ‘पाणी’ लिहितात, हे मुलाला त्याच वेळी जरूर सांगावे. दोन्ही कळली की मूल आपोआप जागच्या जागी वापरते. पक्की प्रत मात्र मुलानेच लिहावी. आपले अक्षर वळणदार आहे म्हणून पेन हातात घेण्याचा मोह होतो. तो आवरावा.

अंक तयार झाला की त्याचे वाचन व्हायला हवे. आमच्याकडे शेजारच्या एक आजी आहेत. त्यांना वाचता येत नाही. नातीने ओसरीवर बसून त्यांना पहिला अंक वाचून दाखवला. गाय मंगळवारी व्याली, असे वाचताच आजी म्हणाल्या, “मंगळवारी न्हाय ग बाई, सोमवारी. मंगळवारी मी लेकीकडं गेलते, आन् वासरू बघूनच गेलते.” नात घरात आली, सगळ्यांना विचारले, आणि दुसऱ्या अंकात पहिल्याच पानावर चौकट आली: “मागच्या अंकात वार चुकला. सोमवार वाचावा.” हे तिला कोणी शिकवले नव्हते. त्या दिवसापासून आजी पुढचा अंक कधी म्हणून विचारू लागल्या आणि आठवणीतल्या गोष्टीही सांगू लागल्या. त्यांच्या लग्नात वऱ्हाड किती बैलगाड्यांतून आले, पूर्वी गावात बाजरी कशी साठवत, पेव कसे उघडत. पेव म्हणजे काय हे घरातल्या मधल्या पिढीलासुद्धा नीट माहीत नव्हते. आठव्या पानावर पेवाचे चित्र आहे.

शिक्षक मंडळींसाठी थोडे वेगळे बोलतो. वर्गात चाळीस मुले असताना प्रत्येकाचे मासिक काढणे शक्य नाही, हे मला कळते. एक पान एका मुलाचे, असा नेम ठेवावा आणि संपादक दर अंकाला बदलावा. हुशार चार मुलांच्या हाती कारभार गेला की बाकीची छत्तीस पुन्हा श्रोते होतात. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे. ज्याला तेही नको वाटते त्याला मोजायला द्यावे. बारवेचा तो मुलगा मोजणाराच होता.

पावसाळ्यात एक सदर मी आवर्जून सुचवतो. तोंड आणि बूड सारख्या मापाचे, सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर, झाडापासून व वळचणीपासून दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची मोजणीची वेळ तीच आहे, आत साठलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, लिहावी आणि डबा ओतून टाकावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर तोच एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. हा हिशेब मुलाने घरी वाचून दाखवला की बाप जेवता जेवता थांबतो. जोडीला गावातल्या एका ठरावीक विहिरीचे पाणी दर महिन्याला दोरीने मोजावे आणि तेही छापावे. मापाच्या वेळी मोठे माणूस सोबत हवे, हे वेगळे सांगायला नको. आणि अंक जपून ठेवावेत.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक खेड्यातले शिक्षक होऊन गेले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या छातीला जखम झाली होती आणि फार वेळ मोठ्याने बोलून शिकवणे त्यांना झेपत नसे. १९२४ साली त्यांनी वर्गात एक छोटे हातछपाईचे यंत्र आणले. मुले आपल्या गावच्या गोष्टी लिहीत, स्वतः खिळे जुळवीत आणि छापीत. पुढे त्यांनी दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेशी अंकांची अदलाबदल सुरू केली. आपल्या रोजच्या जगण्यात परक्याला ऐकावेसे वाटणारे काही आहे, हे तिथल्या मुलांना त्या अदलाबदलीतून उमगले. आपल्याकडेही हे सहज जमण्यासारखे आहे. कोकणातल्या शाळेने भाताच्या लावणीचा अंक पाठवावा, माणदेशातल्या शाळेने मेंढ्यांच्या वाड्याचा. खर्च टपालाचा, आणि एस.टी.ने कोणी पाहुणा जाणार असेल तर तोही नाही.

जास्त प्रती हव्या असतील तर पूर्वी आम्ही पेनाखाली कार्बन कागद घालत असू. एका दमात तीन प्रती निघत, तिसरी पुसट. आता तालुक्याच्या गावी झेरॉक्स मिळते. त्यासाठी काळ्या शाईने लिहावे, पेन्सिल नीट उठत नाही. मोबाईलवर फोटो काढून पुण्याच्या मामाला पाठवायलाही माझी ना नाही. मात्र मूळ अंक घरात, मुलाच्या हाताशी येईल अशा फळीवर राहावा. प्रत्येक अंकावर गावाचे नाव, महिना आणि साल असावे. मुलांना साल लिहायचे सुचत नाही. आपण आठवण करावी, कारण वीस वर्षांनी वाचणाऱ्याला तेच आधी हवे असते.

आणि पुढचा अंक कधी, हे शेवटच्या पानावर मुलाकडूनच लिहून घ्यावे. आमच्या ‘कोंबड्या’च्या दुसऱ्या अंकात लिहिले होते, “पुढील अंक पोळ्याला.” पोळा झाला, बैल धुऊन-रंगवून मिरवून आले, अंक काही निघाला नाही. कोणी काही बोलले नाही. चार दिवसांनी तो आला आणि पहिल्या पानावर मजकूर होता: “अंकास उशीर झाला, कारण संपादकांना ताप होता. बैलांची चित्रे आठवणीने काढली आहेत. शिंगांचा रंग चुकला असेल तर सांगावे.” शिंगांचा रंग चुकलेलाच होता. काकाने सांगितले, आणि आता चौथ्या अंकाची चौकट तयार आहे.